बुधलीतलं अर्धं तेल

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा वाटांना नावं नव्हती आणि वाट विचारली तर माणसं ‘डोंगराकडून जा’ किंवा ‘पाण्याकडून जा’ एवढंच सांगत. मुलांनो, नीट बसा. आणि मुलांच्या मागे बसून, ऐकत नसल्यासारखं दाखवणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही बसा.

एका उघड्या माळावर चुना भाजणाऱ्यांचं गाव होतं. गावाच्या मधोमध मोठी भट्टी. तिच्यात चुनखडी भाजायची, चुना विझवायचा, गोण्या भरायच्या. वारा सुटला की पांढरी फक्की घराघरांत शिरे. पापडावर चुना, पाळण्यावर चुना, म्हशीच्या शिंगांवर चुना. कावळा त्या गावात दोन दिवस राहिला, तर पाठीवरून बगळा वाटे.

आणि बायकांचे केस? ते इतके कोरडे, की मुठीत धरले तर अंबाडीच्या दोरासारखे करकरत. कारण त्या गावात डोक्याला तेल लावत नसत. तेल दिव्याला, तेल गाडीच्या आसाला. डोक्याला नाही. कधीकाळी एका बाईनं डोक्यावर तेल थापलं आणि तशीच ती भट्टीपाशी गेली. ठिणगी उडाली आणि पदर, केस, सगळं पेटलं. बाई वाचली, पण तेव्हापासून गावानं तेलाचं नाव टाकलं. बायका डोकी फडक्यात बांधायच्या, आणि ते फडकं सणावारालाच काय ते सुटायचं.

त्या गावात एक नवी सून आली. खाडीकाठच्या गावाची, नारळाच्या सावलीत वाढलेली. तिला फार दचकायची सवय होती. झाकण पडलं, दचकली. बैलानं फुरफुर केलं, दचकली. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकली. गावानं तिचं नावच ठेवलं, दचकी.

दचकीला आईनं पाठवणीच्या वेळी एक मातीची बुधली दिली होती. आत खोबरेल तेल, तोंडाला मेण. आई म्हणाली होती, “तिकडे वारा कोरडा आहे म्हणतात. केसांना लाव, बाई.”

पण दचकीनं पहिल्याच दिवशी या गावची रीत ऐकली, आणि घाबरून ती बुधली ज्वारीच्या कणगीत, अगदी तळाशी दडवली. आठ महिने झाले तरी मेण फोडलं नाही. तिचे काळेभोर केस हळूहळू राखेच्या रंगाचे झाले. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार कुणाला? नवरा गोण्या घेऊन गावोगाव हिंडायचा. सासरे दिवसभरात चार शब्द बोलायचे, त्यातले दोन बैलाशी. आणि सासू? सासूचा आवाज असा, की अंगणातून हाक मारली तर शेताच्या बांधावरचे पोपट उडत.

आता त्या गावची आणखी एक रीत ऐका, कारण आपली गोष्ट तिच्यावरच अडली आहे.

दर बारा वर्षांनी भट्टी निजायची. नऊ दिवस विस्तव बंद. दहाव्या दिवशी सकाळी मानाच्या घरची बाई गार भट्टीसमोर बसायची, डोक्यावरचं फडकं सोडायची, आणि गावातल्या बायका एक जुनी शिसवी फणी तिच्या केसांतून तीनदा, भांगापासून टोकापर्यंत फिरवायच्या. फणी अडली नाही, तर ती बाई अंबाडा बांधून भट्टीला पहिला विस्तव द्यायची. फणी अडली, तर भट्टी रुसली असं धरायचे. मग तिचे केस मानेपाशी कापायचे, आणि मान शेजारच्या घरी जायचा.

मान दचकीच्या सासरी होता. बारा वर्षांपूर्वी तिची आजेसासू बसली होती, आणि त्याच वर्षी ती वारली. आता पाळी सासूची होती.

भट्टी निजायला दोन दिवस उरले असताना दचकी पाणी घेऊन परसात गेली, आणि जागीच थबकली. सासू भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोक्यावरचं फडकं मांडीवर होतं. केस कुठले, तो घट्ट विणलेला गोळा होता. मागच्या बाजूला गाठीवर गाठ बसली होती. मानाची शिसवी फणी त्यांच्याच घरी असे, तीच घालून सासू ओढत होती.

कट.

फणीचा दात तुटला. दचकी इतकी दचकली, की घागर हिंदकळून तिचे पाय भिजले.

सासूनं मागं वळून पाहिलं. तिचे डोळे लाल होते. पण आवाज नेहमीचाच. “बघतेस काय? नाटक आहे का हे?”

“नाही, आत्याबाई.”

“माझी सासू होती तोवर ती विंचरायची. ती गेली. मागून आपलं डोकं आपल्याला दिसतं का? बांधत गेले. आज सोडू, उद्या सोडू. बारा वर्षं झाली.”

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण बोलली. तिच्याच घरी मान जायचा होता. “काय वहिनी, फणी रुसली वाटतं? मी आपली कात्रीला धार लावून ठेवलीय हो. बोथट असली तर दुखतं.”

“तुझ्या जिभेवर लावलीस त्यातली उरली असेल थोडी,” सासू म्हणाली, आणि फडकं बांधून आत गेली. पण जाताना ती भिंतीला धरत होती. दचकीनं ते पाहिलं.

भट्टी विझली. गाव एकदम गप्प झालं. पहिल्या दिवशी दुपारी दचकी कणगीपाशी उभी राहिली. आत हात घातला, बाहेर काढला. पुन्हा घातला. शेवटी बुधली छातीशी धरून ती सासूसमोर जाऊन उभी राहिली.

“हे काय?”

“खोबरेल आहे. आईनं दिलेलं. यानं गाठी सुटतील.”

“डोक्याला तेल? आपल्यात चालत नाही, ठाऊक आहे ना तुला?”

“भट्टी निजलीय, आत्याबाई. नऊ दिवस गावात चुलीखेरीज विस्तव नाही. चुलीपाशी मी बसेन. तुम्ही नका बसू.”

आठ महिन्यांत सुनेनं सासूशी केलेलं हे सगळ्यात लांब बोलणं. सासूलाही ते जाणवलं असावं. तिनं बुधली हातात घेऊन हलवून पाहिली. मग म्हणाली, “लाव. लवकर लाव, माझं मन बदलायच्या आत.”

आणि इथेच दचकी चुकली.

सासूचं मन बदलेल, या भीतीनं तिनं घाई केली. मेण फोडलं आणि बुधली सरळ डोक्यावर उपडी केली. अर्धं तेल ओतलं. ते कपाळावरून आलं, कानांत गेलं, पाठीवरून चोळीत उतरलं. आता तुम्हीच विचार करा. केसांत बारा वर्षांची चुन्याची फक्की. ती धुतलेली नाही, झाडलेली नाही. वरून तेल. भरीला वारा सुटला, आणि गावातली उरलीसुरली फक्की येऊन त्या ओल्या डोक्यावर बसली. तेल आणि चुना एकत्र झाले, की काय होतं ते गवंड्याला विचारा.

दिवस मावळेपर्यंत सासूच्या डोक्यावर कवच तयार झालं. बोटानं वाजवलं तर टकटक वाजे.

“डोकं विंचरायला दिलं होतं तुला,” सासू म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू होता, आणि म्हणूनच दचकीला जास्त लागला. “भिंत समजून सारवलंस.”

शेजारीण कुंपणाशी होतीच. “छान गिलावा झालाय. वरून दगडाच्या चार चिपा बसवल्या की देऊळ उभं राहील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दचकी गोठ्यात बसून राहिली. माहेरी निघून जावं, असं तिच्या मनात येत होतं. पण वाट कुठली घ्यायची तेही तिला धड आठवेना. तेवढ्यात सासरे बैलाला वैरण टाकायला आले. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. बैलाच्या पाठीवर हात फिरवत ते म्हणाले, “तेलाचं तेलिणीला विचारावं.”

त्या दिवशीच्या चार शब्दांतले तीन त्यांनी सुनेसाठी खर्च केले, असं म्हणा.

माळ उतरला की ओढ्यापलीकडे घाणा होता. तिथली तेलीण म्हातारी होती आणि तिचे केस अजून गुडघ्यापर्यंत होते. दचकी चालत चालत तिथे पोचली, आणि रडत रडत सगळं सांगितलं. तेलिणीनं घाण्याचा बैल थांबवला नाही. त्याच्यामागून फेऱ्या घालतच तिनं ऐकलं. दचकीलाही फेऱ्या घालाव्या लागल्या.

“आधी धुतलेस का केस?”

“नाही.”

“मग केसांना कुठे, चुन्याला तेल पाजलंस तू. किती घेतलंस?”

“अर्धी बुधली.”

तेलीण हसली. “पोरी, माझा बैल दिवसभर फिरतो तेव्हा एक मडकं तेल निघतं. आणि तू एका डोक्यावर अर्धी बुधली. हात पुढे कर.”

दचकीनं हात पुढे केला. तेलिणीनं तळहाताच्या खळग्यात चार थेंब टाकले. “हे झालं एका दुपारचं. दोन्ही हातांत चोळ, हाताची ऊब तेलाला लागली पाहिजे. मग केसांच्या टोकांपासून सुरू कर. मुळापासून नाही. टोकं सगळ्यात कोरडी, कारण ती सगळ्यात म्हातारी. थोडं वर, आणखी थोडं वर. गाठ आली की आधी बोटं, मग फणी. गाठीशी भांडायचं नाही. गाठीला कंटाळा येईस्तोवर तिच्यापाशी बसायचं.”

“आणि ते कवच?”

“आंबट ताकाची निवळी लाव. चुना सुटेल. मग रिठ्याच्या कोमट पाण्यानं धू. केस पुरते वाळू दे, मगच तेल.” तेलीण थांबली. बैल मात्र पुढे गेला. “आणि हे बघ, विस्तव द्यायच्या आदल्या दिवशी पुन्हा रिठ्यानं धू. तेलकट डोक्यानं आगीपाशी जायचं नाही. तुमच्या गावची भीती खोटी नाही. ती अर्धी खरी आहे, एवढंच.”

दचकी उन्हं कलायच्या आत परतली. सासू तशीच, डोक्यावर फडकं घेऊन बसली होती.

“पळून गेलीस म्हणे,” सासू म्हणाली.

“तेलिणीकडे गेले होते.”

“काय म्हणाली?”

“ताक आहे का घरात, आंबट?”

तिसऱ्या दिवशी ताकानं चुना सुटला. पांढरं पाणी मोरीतून कितीतरी वेळ वाहत राहिलं. रिठ्याच्या फेसानं उरलंसुरलं गेलं. केस उन्हात वाळले, आणि दचकीनं ते हातात घेतले. आता गाठी स्वच्छ दिसत होत्या. मोजल्या असत्या तर चाळीस तरी भरल्या असत्या, म्हणून तिनं मोजल्या नाहीत.

तिनं तळहातावर चार थेंब घेतले. चोळले. आणि सर्वांत खालच्या टोकापाशी बसली.

पहिल्या दुपारी बोटभर केस मोकळे झाले. फक्त बोटभर.

“अशी तर पुढच्या बारा वर्षांना पुरशील,” सासू म्हणाली.

“हलू नका, आत्याबाई.”

सासू ताठ बसली. तिला हलू नको असं गेल्या बारा वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं.

चौथ्या दुपारी हातभर झालं. कोरडी टोकं तेल पिऊन मऊ पडली होती. ती आता करकरत नव्हती. दोघी परसात बसत, ऊन भिंतीवरून चिंचेच्या खोडापर्यंत सरकेपर्यंत. बोटं केसांत असली की माणसाची जीभ सैल होते, हे तुम्हालाही ठाऊक असेल. सासू बोलू लागली. एका गाठीपाशी म्हणाली, “ही तुझ्या नवऱ्याला गोवर आला तेव्हाची असेल. तीन आठवडे डोक्याला हात नव्हता लावला मी.” दुसऱ्या गाठीपाशी म्हणाली, “ही बहुतेक माझ्या आळसाची.” आणि स्वतःच हसली. दचकी त्या हसण्याला दचकली नाही. तिच्या ते नंतर लक्षात आलं.

एकदा तर सासूला बसल्या बसल्या डुलकी लागली. दचकीनं हात थांबवला नाही. कुठेतरी दार आपटलं. शेजारचं मूल रडलं. कोंबडा वेळ चुकवून आरवला. दचकीचे हात आपले केसांतच होते.

आठव्या दिवसापर्यंत सगळं सुटलं. एकच गाठ राहिली. मानेपाशी, सुपारीएवढी. दगडासारखी घट्ट. चार थेंब घातले, बोटं लावली, ऊन सरकलं, गाठ तशीच.

नववा दिवस उजाडला. आज गाठ सुटली नाही, तर उद्या सगळंच गेलं. आणि आजच केस धुवायचेही होते. दचकी विहिरीवर गेली तेव्हा शेजारीण जवळ आली आणि तिनं पदराखालून कात्री काढली.

“हे घे. एकच गाठ आहे ना? कच करून काढून टाक, कुणाला कळणार आहे? मी सांगायची नाही हो.”

दचकीनं कात्रीकडे पाहिलं. खरं सांगायचं, तर तिनं हात पुढेही केला होता. सोपं होतं ते. पण गाठ कापली, तर मानेपाशी खळगा राहणार आणि तो साऱ्या गावाला दिसणार. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, सासूनं आपली पाठ तिच्याकडे करून सहा दिवस डोळे मिटले होते. तिच्या पाठीमागे कात्री चालवायची?

“नको,” दचकी म्हणाली. “मला अजून एक दुपार आहे.”

त्या दुपारी तिनं फक्त दोन थेंब घेतले. गाठीवर लावले, आणि काही केलं नाही. नुसती गाठीवर बोटं ठेवून बसली. हातातली ऊब गाठीत जाऊ दिली.

“काय चाललंय?” सासूनं विचारलं.

“गाठीला कंटाळा आणतेय.”

ऊन चिंचेच्या खोडाशी आलं. दचकीनं एक केस बाजूला केला. मग दुसरा. मग चार. बोटांना काहीतरी टोचलं. तिनं हलकेच दाबलं, आणि गाठीतून एक खडा बाहेर आला. मसुरीएवढा, पांढरा, चुन्याचा. कधीतरी वाऱ्यानं तो तिथे बसवला होता, आणि सारी गाठ त्याच्याभोवती वाढली होती.

दचकीनं तो सासूच्या हातावर ठेवला. सासूनं तो उन्हात धरून पाहिला. “एवढासा,” ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसत उठली. “चल, रिठ्याचं पाणी तापलं असेल.”

दहाव्या दिवशी सगळं गाव गार भट्टीसमोर जमलं. सासूनं फडकं सोडलं. केस काही रेशमाचे झाले नव्हते, ते मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. टोकं विरळ होती. कानामागे पांढरे होते. पण ते मोकळे होते, आणि सकाळच्या उन्हात त्यांवर मंद तकाकी होती. गावातल्या बऱ्याच जणांनी तसे केस पाहिलेच नव्हते. एक म्हातारी पुटपुटली, “हिचे आहेत का हे?”

फणी एकदा फिरली. दुसऱ्यांदा फिरली. तिसऱ्यांदा मानेपाशी येऊन किंचित थांबली. दचकी दोन पावलं पुढे सरकली. मग लक्षात आलं, फणीचा तिथला दात तुटलेला होता, तोच परसात तुटलेला. विंचरणाऱ्या बाईनं फणी जरा तिरकी धरली आणि ती सरळ टोकापर्यंत उतरली.

सासूनं अंबाडा बांधला, फडकं घट्ट लपेटलं, आणि भट्टीला विस्तव दिला.

शेजारीण दचकीच्या मागे उभी होती. हळूच म्हणाली, “उरलंय का गं थोडं त्या बुधलीत?”

“अर्धी होती. त्यातलं निम्मंही संपलं नाही.”

“मग माझंही बघ की कधी. आणि ती कात्री, ती मी अंबाडी कापायला आणली होती हो.”

“हो तर,” दचकी म्हणाली. “विहिरीवर पुष्कळ अंबाडी उगवते.” आणि दोघीही हसल्या.

दुपारी सासू परसात आली. हातात तीच फणी, काखेत बुधली. भट्टी परसापासून चांगली लांब होती. तिनं नेहमीच्या आवाजात हाक मारली. पोपट उडाले.

“बस इथं.”

“मी?”

“मग काय बैलाला बसवू?”

दचकी बसली. सासूनं तिच्या डोक्यावरचं फडकं सोडलं आणि थांबली. “अगं, तुझे तर माझ्याहून कोरडे झालेत. आठ महिने घरात तेल होतं, आणि तू लावलं नाहीस?”

“भीती वाटली.”

“आगीची?”

“तुमची.”

सासूनं बुधली कलती केली. तळहाताच्या खळग्यात चार थेंब घेतले. दोन्ही हातांत सावकाश चोळले. आणि सर्वांत खालच्या टोकापासून सुरुवात केली.

तेव्हापासून त्या गावात दर महिन्याला एक दिवस भट्टी निजू लागली. त्या दिवशी साऱ्या बायका, आणि पुढे पुढे पुरुषही, परसात एकापुढे एक बसत. हातात चार थेंब, आणि दुसऱ्या दिवशी विस्तवापाशी जाण्याआधी रिठ्यानं न्हाणं. दचकीला गाव अजूनही दचकीच म्हणे. पण गाठ सोडवायची असली, की तिलाच बोलावत.

बोध: वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं एका दिवसात ओतून किंवा ओढून मऊ होत नाही, रोज थोडी माया आणि हाताची ऊब लागते.